दुष्काळाच्या वाटेवरील श्रद्धा : पंडिता रमाबाईंचे जीवन



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्या आमच्या बाई इतिहास शिकवताना सनावळीवर फारसा भर देत नसत. एखाद्या घटनेची तारीख सांगून झाली की त्या विचारीत, हे सारे सोसले कोणी, आणि सोसून झाल्यावर ती माणसे पुन्हा उभी कशाच्या बळावर राहिली? बाईंच्या नावाने बोलण्याचा मान आपण मला दिलात, तेव्हा त्यांच्याच या प्रश्नाला धरून बोलावे असे मनाशी ठरविले. त्यासाठी मी पंडिता रमाबाईंचे चरित्र निवडले आहे. संकटकाळी ख्रिस्ती श्रद्धेतून मनुष्याला कोणत्या प्रकारचे बळ मिळू शकते आणि त्या बळाचे पुढे काय होते, हे पाहण्यासाठी मराठी समाजाच्या इतिहासात इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

प्रारंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. मी स्वतः ख्रिस्ती नाही, आणि या सभागृहातील बहुतेक श्रोतेही नसतील. रमाबाईंच्या बाबतीत आपल्या समाजाने दीर्घकाळ एक सोयीचा मार्ग पत्करला. त्यांची विद्वत्ता आणि स्त्रीशिक्षणाचे कार्य आपले म्हणायचे, आणि त्यांचे धर्मांतर हा एक खेदजनक अपवाद समजून त्यावर पडदा टाकायचा. उलट काही भाविक चरित्रकारांनी त्यांचे बाप्तिस्म्यापूर्वीचे आयुष्य केवळ अंधार म्हणून रंगविले. या दोन्ही रीतींनी रमाबाईंचे दोन तुकडे होतात. मला वाटते, त्यांची श्रद्धा आणि त्यांचे कार्य ही एकाच धाग्याची दोन टोके आहेत, आणि तो धागा दुष्काळातून गेलेला आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यातील स्थानी झाला. हा भाग आज कर्नाटकात मोडतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे संस्कृत पंडित. स्त्रीने संस्कृत शिकावे हे त्यांचे मत, आणि मत मांडून ते थांबले नाहीत, तर पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी स्वतः शिकविले. त्याबद्दल त्यांना धर्मसभेपुढे उत्तर द्यावे लागले. पुढे याच लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकविले. रमा काही महिन्यांची असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि नंतर त्यांना स्थिर घर असे राहिलेच नाही. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे, श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, शिल्लक राहील ते दानधर्मात द्यावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. भागवताचे हजारो श्लोक या मुलीला मुखोद्गत झाले ते असे, वाटेवर.

१८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि हा क्रम तुटला. पुराण ऐकायला कोणी बसेना, कारण ऐकणाऱ्यांच्याच घरी अन्न नव्हते. रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत या दिवसांचे वर्णन कोणताही आडपडदा न ठेवता केले आहे. प्रथम दागिने विकले, मग चांगली वस्त्रे, मग तांब्यापितळेची भांडी. देवतांचा कोप शांत व्हावा म्हणून जवळचे होते नव्हते ते पूजाअर्चेत खर्च केले. अंगमेहनतीचे काम करावे तर विद्येचा आणि कुलाचा अभिमान आड आला. शेवटी मरण पत्करण्याच्या निश्चयाने कुटुंब रानात शिरले आणि पाणी, झाडपाला व रानातली फळे यांवर अकरा दिवस राहिले. वृद्ध, दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले, तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला. कुलाभिमान बाजूला ठेवून आपण मोलमजुरी करू, असे त्याने सांगितले. समाधीचा बेत राहिला, परंतु वडील वाचले नाहीत. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन बजावले की तुला मी ईश्वराच्या हाती दिले आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर. हे वाक्य रमाबाई पुढे ख्रिस्ती झाल्यावरही विसरल्या नाहीत. बापाने सोपविलेले आपण मोडले असे त्यांना कधी वाटले नाही, आपण ते पाळले असेच त्या मानीत.

त्यानंतर थोड्याच काळात आई गेली. आईचे शव उचलायला माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण मदतीला आले. स्मशान तीन मैलांवर होते. चार खांदेकरी हवेत म्हणून सोळा-सतरा वर्षांची रमा चौथी झाली. परंतु तिची उंची इतरांपेक्षा कमी होती, तेव्हा खांद्याऐवजी तिने तिरडी डोक्यावर घेतली. या एका चित्रात दुष्काळ म्हणजे काय ते सारे येते. दुष्काळ आधी अन्न नेतो, मग माणसाभोवतीची माणसे नेतो, आणि अखेर मृताला पोहोचविण्याइतकाही समाज मागे ठेवीत नाही.

थोरली बहीणही गेली. उरलेले दोघे बहीणभाऊ पायी हिंडत राहिले. जवळजवळ चार हजार मैल ते चालले असे रमाबाईंनी नमूद केले आहे. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे करून त्यांत गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. याच काळात जुन्या विधींवरचा त्यांचा विश्वास ढासळला. शास्त्रात सांगितले ते सगळे आपण केले, मग देव का पावला नाही, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून मिळालेला नव्हता. तो उपाशीपोटी मिळालेला होता.

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी तिला वेद वाचावयास दिले. कीर्ती झाली, पण सुख टिकले नाही. १८८० मध्ये ढाक्याला श्रीनिवासाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये रमाबाईंनी भावाचे स्नेही बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी ब्राह्मणेतर, जातीने शूद्र मानले गेलेले, त्यामुळे दोघांनाही बहिष्कार सोसावा लागला. आसामातील सिल्चरला त्यांचा संसार झाला आणि एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबिहारी गेले. चोविसाव्या वर्षी विधवा, पदरी दहा महिन्यांची मुलगी, आणि माहेर म्हणून कोणी नाही. सिल्चरच्या घरात त्यांच्या हाती बंगालीतील लूककृत शुभवर्तमान आले होते. त्यांनी ते आवडीने वाचले, पण त्या वेळी त्यावर काही निर्णय केला नाही.

त्या पुण्यास आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली, आणि शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर व स्त्री-शिक्षिका हव्यात असे आग्रहाने सांगितले. वैद्यकी शिकावी या हेतूने, पुस्तकाच्या विक्रीतून वाटखर्च जमवून, १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे एका ख्रिस्ती भगिनीसंघाकडे त्यांची सोय झाली होती.

येथे आपल्यापैकी अनेकांची समजूत अशी असते की परदेशात एकाकी पडलेल्या एका दुःखी विधवेला ख्रिस्ती धर्माने आसरा दिला आणि ती भारावून गेली. घटनाक्रम इतका सरळ नाही. वाँटेजमध्ये त्यांच्या वाट्याला आणखी एक आघात आला. त्यांच्याबरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. शिवाय कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे वैद्यकीच्या शिक्षणाची आशाही संपली. अशा स्थितीत २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांनी स्वतः त्याचे जे कारण सांगितले आहे त्यात आपल्या दुःखाला दिलासा मिळाला हा भाग गौण आहे. भगिनीसंघाने लंडनमधील फुलहॅम येथे चालविलेले एक आश्रयगृह त्यांना दाखविले होते. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे सन्मानाने वागविले जात होते आणि त्यांची सेवा कुलीन स्त्रिया करीत होत्या. असे काही रमाबाईंनी पूर्वी पाहिले नव्हते. या वागणुकीचे मूळ काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. विहिरीवर पाण्याला आलेल्या, लोकांनी नाव ठेवलेल्या त्या स्त्रीशी येशू बोलतो ती कथा. टाकलेल्या स्त्रीला पुन्हा उभे करणारा ईश्वर तो हाच, असे त्यांच्या मनाने घेतले.

म्हणजे रमाबाईंनी धर्म निवडला तो इतर स्त्रियांना तो काय देऊ शकेल, हे पाहून. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढील चाळीस वर्षांचा उलगडा त्यातच आहे.

श्रद्धा स्वीकारली म्हणून त्यांनी विवेक गहाण टाकला नाही. भगिनी जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी रमाबाईंचा झालेला पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे, आणि तो वाचताना एका परावलंबी विधवेची ही पत्रे आहेत यावर विश्वास बसत नाही. बिशपांचा अधिकार त्यांनी निमूटपणे मानला नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेली मी दुसऱ्याच्या जोखडाखाली का जाऊ, असा त्यांचा रोख होता. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांनी शंका घेतल्या आणि बायबलात जे आढळेल तेवढेच मानीन असे कळविले. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असणार हे कळले तेव्हा आमच्या संस्कृतापेक्षा लॅटिनमध्ये अधिक पवित्र ते काय, असा प्रश्न त्यांनी केला. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. ज्यांच्या अन्नावर आपण आहोत त्यांना असे लिहिण्यास धैर्य लागते. हे धैर्य अनंतशास्त्र्यांच्या मुलीचे होते, आणि नव्या श्रद्धेने ते कमी होण्याऐवजी वाढले.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या. तेथे इंग्रजीत पुस्तक लिहून त्यांनी उच्चवर्णीय हिंदु स्त्रीची, विशेषतः बालविधवेची स्थिती जगापुढे ठेवली. बॉस्टनला त्यांच्या नावाने मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे साहाय्य करण्याचे कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. सदनाचे धोरण धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे होते. विधवांचे रीतिरिवाज, सोवळेओवळे सांभाळले जाई. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. गोदूबाई ही सदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. तिच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला.

त्याच वर्षी वादळ उठले. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत, मुली येऊन बसत, आणि काहींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊ लागला. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. रानडे आणि भांडारकर यांनी अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आज या प्रसंगाकडे पाहताना दोन्ही बाजूंना न्याय द्यावयास हवा. तटस्थतेच्या आश्वासनावर मुली पाठविणाऱ्या पालकांची तक्रार निराधार नव्हती. उलट रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणावर सक्ती करीत नाही, पण स्वतःच्या घरात माझी प्रार्थना मी लपूनही करणार नाही. आपला समाज दुखावला आणि रमाबाई एकट्या पडल्या. त्यांच्या साक्षीवरून दिसते की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, म्हणजे या वादळाच्या थोडे आधी, त्यांच्या श्रद्धेत बदल झाला होता. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्ताला मात्र अजून जवळ केले नव्हते, असे त्यांनी लिहिले आहे. मतांची श्रद्धा आता विश्वासाची झाली. लोकापवादाच्या त्या वर्षांत त्या मोडल्या नाहीत, याचे कारण त्यांच्या मते हेच होते.

याच सुमारास पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, रेल्वेच्या मार्गावर केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली. फळझाडे लावावीत आणि बॉस्टनची मदत संपल्यावर सदनाचा खर्च त्यातून भागवावा, असा साधा हिशेब होता. ही जमीन कशासाठी घेतली गेली होती ते पुढच्याच वर्षी दुष्काळाने ठरविले.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना स्वस्थ बसवेना. आपल्या रानातल्या दिवसांची आठवण त्यांना या वेळी किती तीव्रतेने झाली, हे त्यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या दुष्काळाच्या अनुभवांत आले आहे. त्यांच्याजवळ यासाठी पैसा नव्हता. अमेरिकेतून येणारी रक्कम शारदा सदनासाठी होती, ती दुष्काळपीडितांवर खर्च करता येत नव्हती. ब्रिस्टॉलला हजारो अनाथांना केवळ प्रार्थना आणि लोकांचे स्वेच्छादान यांवर सांभाळणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. तोच मार्ग पत्करून त्या निघाल्या. दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांवर त्यांनी जे पाहिले त्यात उपासमारीपेक्षाही एक गोष्ट त्यांना भयंकर वाटली. अनाथ व तरुण मुलींना फसवून नेणारी, अन्नाच्या मोबदल्यात त्यांना भ्रष्ट करणारी माणसे तेथे टपलेली होती. रमाबाईंनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आपल्याबरोबर आणल्या.

पुण्यात त्यांना ठेवणे अशक्य झाले, कारण प्लेगची साथ आणि तिचे निर्बंध आड आले. मग केडगावची ओसाड जमीन, तंबू आणि झोपड्या. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते, तेथे जातीचे नियम पाळले जात. दुष्काळाने आणलेल्या मुली सर्व जातींच्या होत्या. कित्येकींना स्वतःचे गावही सांगता येत नव्हते. त्यांना एका पंक्तीला बसविले गेले, एकाच विहिरीचे पाणी सर्वांनी प्यायले. महाराष्ट्रातील स्त्रीसुधारणेची चळवळ तोवर मुख्यतः ब्राह्मण विधवेभोवती फिरत होती. केडगावला ते वर्तुळ ओलांडले गेले, आणि ते भाषणांनी ओलांडले गेले नाही, भुकेने ओलांडायला लावले. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅमला पाहिलेली गोष्ट चौदा-पंधरा वर्षांनी मराठी मुलखात अशी प्रत्यक्षात आली.

त्यानंतरचा दुष्काळ आपल्या बडोद्याच्या श्रोत्यांना परिचित आहे. विक्रम संवत १९५६ चा म्हणून गुजरातेत तो ‘छप्पनिया’ या नावाने स्मरणात राहिला. बडोदा राज्याची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत २४ लाखांच्या वर होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. ही घट केवळ उपासमारीची नव्हे. पटकी, प्लेग आणि स्थलांतर यांचाही त्यात वाटा आहे. तरीही एका दशकात साडेचार लाखांहून अधिक माणसे कमी झालेल्या प्रदेशात आपण राहतो, हे या शाळेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. त्या वर्षी गुजरात आणि राजपुताना येथून शेकडो निराधार मुली केडगावला नेण्यात आल्या आणि मुक्ती सदनातील संख्या दीड हजाराच्या वर गेली. म्हणजे केडगावचा इतिहास हा काही अंशी आपल्या गुजरातचाही इतिहास आहे. येथील कोणा शेतकऱ्याच्या, कोणा विणकराच्या मुलीने तेथे अक्षरे गिरविली, माग चालविला, छापखान्यात खिळे जुळविले. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याचीही तेथे सोय झाली. केवळ जेवू घालून रमाबाई थांबल्या नाहीत. रानात मरणाची वाट पाहताना आपल्याला कोणतेही काम येत नव्हते, याची बोच त्यांच्या मनात होती, आणि म्हणूनच आपल्या हातून वाढलेली मुलगी हातांनी काम करू शकेल, यावर त्यांनी एवढा भर दिला असावा, असे मला वाटते.

राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारला म्हणजे राज्यकर्त्यांपुढे मान तुकविणे आले, असा आक्षेप त्या काळी घेतला जाई. त्याचे उत्तर १८९७ च्या प्लेगमध्ये मिळते. पुण्यात प्लेग-निवारणाच्या नावाखाली स्त्रियांची जी विटंबना चालली होती आणि रुग्णालयात नेलेल्या त्यांच्या एका मुलीच्या वाट्याला जे आले, त्याबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात उघड पत्र लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. रमाबाई आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. पुण्याच्या सनातन्यांना आवडणार नाही आणि सरकारलाही रुचणार नाही, असे सत्य बोलण्यास जे बळ लागते, ते कोणाच्याही आश्रयाने मिळत नाही.

आता एक कठीण प्रश्न टाळता येणार नाही. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तेथे आलेल्या मुली त्याच धर्मात वाढल्या. उपाशी मुलाला अन्न देणाऱ्याने त्याला आपला धर्मही द्यावा काय? हा प्रश्न त्या काळी विचारला गेला आणि तो विचारणे रास्त होते. त्याचा एक चांगला परिणाम असा झाला की इतरांनीही हात पुढे केले. लाला लजपतराय आणि आर्य समाज यांनी याच दुष्काळांत अनाथ मुलांसाठी कार्य उभारले. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ मध्ये निघाला, आणि ज्या गोदूबाईंनी त्या कार्यात आयुष्य वेचले त्या शारदा सदनातून आलेल्या. माझे स्वतःचे मत एवढेच आहे की रमाबाईंच्या कार्याचा हिशेब घेताना प्रथम त्या अन्नछत्राजवळ जाऊन उभे राहावे. तेथे त्या मुलीसमोर दोन धर्मांचे पर्याय मांडलेले नव्हते. मरण, विक्री, किंवा हात धरणारे कोणी, एवढेच तिच्यापुढे होते. हात धरणाऱ्याची श्रद्धा आपल्याला पटो न पटो, ज्या श्रद्धेने त्याला तिथवर चालत नेले तिची नोंद इतिहासकाराने केली पाहिजे.

अखेरची वर्षे रमाबाईंनी एका वेगळ्या श्रमात घालविली. सामान्य स्त्रीला, जेमतेम वाचता येणाऱ्या बाईला समजेल असे बायबल मराठीत असावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून मूळावरून भाषांतर हाती घेतले. ज्या बापाने पत्नीला संस्कृत शिकवून धर्मसभेचा रोष ओढवून घेतला, त्याच्या मुलीने उतारवयात मूळ भाषा शिकून धर्मग्रंथ स्त्रियांच्या हाती द्यावा, यात घराण्याचे सातत्य दिसते. छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले. हे चालू असताना जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईच्या कार्याची ती उजवा हात होती, शारदा सदन तिने सांभाळले होते, निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली होती. आई, बाप, बहीण, भाऊ, पती आणि शेवटी एकुलती एक मुलगी, एवढी माणसे ज्यांनी पोहोचविली त्या रमाबाई यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत. परंतु तेवढ्या अवधीत त्यांनी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आले.

श्रद्धेने रमाबाईंचे दुःख कमी केले असे त्यांच्या चरित्रावरून म्हणता येत नाही. बाप्तिस्म्यानंतरही मृत्यू आले, बहिष्कार आले, बहिरेपण वाढले, निंदा थांबली नाही. बदलले ते दुःखाशी असलेले नाते. पहिल्या दुष्काळात त्यांच्या कुटुंबाने जवळ होते ते सर्व देवतांना वाहिले आणि उत्तराची वाट पाहिली. दुसऱ्या दुष्काळात, त्यांच्या विश्वासाप्रमाणे, त्या स्वतःच कोणाच्या तरी प्रार्थनेचे उत्तर म्हणून निघाल्या. आशा म्हणजे आपले भले होईल ही अपेक्षा, असे आपण धरून चालतो. रमाबाईंची आशा अशी होती की ज्या रानात मी उपाशी बसले होते तेथे अजून कोणी बसले असेल, आणि त्याच्यापर्यंत पोहोचणे शक्य आहे. या आशेला ख्रिस्ती श्रद्धेने आधार दिला, हे त्यांचे स्वतःचे म्हणणे आहे, आणि ते नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

१९८९ मध्ये भारत सरकारने रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावची संस्थाही चालू आहे. तरी आपल्या शाळांच्या वर्गांत त्यांचे नाव एखाद्या धड्यापुरतेच येते. माझी शाळेच्या चालकांना विनंती आहे की छप्पनियाच्या दुष्काळाविषयी येथील मुलांना सांगताना केडगावला गेलेल्या त्या मुलींविषयीही सांगावे. त्यांची नावे आपल्यापाशी नाहीत. परंतु त्या कोणत्या वाटेने गेल्या आणि त्यांना न्यायला कोण आले होते, एवढे तरी आपल्याला माहीत आहे.

 बाईंच्या स्मृतीस वंदन करून मी माझे भाषण संपवितो.